चौथ्या टेबलाचा दिवा

सुनयनानं ओढणी कमरेला खोचली, टॉर्च दातांत धरला आणि ती चौथ्या टेबलाखाली सरकली. फरशी गार होती. चौथ्या आणि पाचव्या टेबलाच्या मधल्या फटीत कॉम्प्युटरचे दोन डबे पाठीला पाठ लावून उभे होते आणि एक काळी तार एकाच्या पाठीमागून निघून दुसऱ्याच्या पाठीला जोडलेली होती. विश्वजितच्या डब्यामागचं चकचकीत टोपण आजही फिरून निसटलं होतं. तुटलं नव्हतं, झिजलं नव्हतं. नुसतं सुटलं होतं.

"आलीस? ये," वरून विश्वजित म्हणाला. "दे इकडे तो टॉर्च. गिळशील एखाद्या दिवशी."

तो खुर्चीतून वाकला. बँकेच्या परीक्षेचं पुस्तक त्यानं मिटून बाजूला ठेवलं, हे तिला वर न बघताच कळलं. उजेड नेमका तिच्या बोटांवर पडला. टोपण दाबून फिरवायचं एवढंच काम. तिनं ते बसवलं, उगाच पुन्हा काढलं, त्यावर फुंकर घातली आणि सावकाश बसवलं.

"झालं?"

"होतंय."

"तुझ्या हाताला गुण आहे बघ. तू आलीस की चालू."

बाहेरच्या गॅलरीतून ऑफिसातल्या क्षिप्राचा आवाज आला, "सुनयनाऽ, पेशंट शुद्धीवर आला तरी लगेच सांगू नको हां! आमचा चहा व्हायचाय!" मागोमाग हशा.

सुनयना टेबलाखालून बाहेर आली. विश्वजितनं टॉर्च परत दिला, आणि खांद्यावर कोळिष्टक लागलंय हे बोटानं, स्पर्श न करता दाखवलं. ते कोळिष्टक तिनं सर्व्हरच्या खोलीत पोहोचल्यावर झटकलं.

वाशीच्या सतरा सेक्टरमधल्या त्या पहिल्या मजल्यावर, न्हावा-शेव्याला उतरणाऱ्या कंटेनरमधल्या मालाच्या नोंदी टाइप व्हायच्या. सुनयना लागली तेव्हा नुसत्या फ्लॉप्या हिंडायच्या, या टेबलावरून त्या टेबलावर, शेजारणीकडे विरजण मागायला जावं तशा. मग ही तार आली. सर्व्हरच्या खोलीतून निघायची, एकेका टेबलामागे थांबत, एकेका डब्याला धरत शेवटच्या भिंतीपाशी पोहोचायची. दोन्ही टोकांना एक-एक टोपी. सगळे एका तारेत ओवलेले. त्यामुळे कुठंही एक जोड सुटला, की त्या एकाचंच नाही, सगळ्यांचं काम जागच्या जागी थांबायचं. कुणाचं सुटलं हे पडद्यावर कुणाला दिसायचं नाही. ते शोधत टेबलामागून टेबल वाकत जायचं, हे सुनयनाचं काम. बारावीनंतर केलेल्या हार्डवेअरच्या कोर्सवर मिळालेलं, आणि तिच्या बापानं कांदा-बटाटा मार्केटात सगळ्यांना पेढे देऊन सांगितलेलं.

दिवाळीनंतर मात्र तिला शोधावं लागत नव्हतं. विश्वजित दिवाळीनंतरच लागला होता. तेव्हापासून अकराच्या सुमाराला एकदा आणि उन्हं कलायच्या आधी एकदा लाइन जायची, आणि दर वेळी सुटलेलं असायचं ते त्याच्याच डब्यामागचं टोपण. कमळाकर सरांचा नियम कडक होता : जेवणाची सुट्टी सोडली तर खुर्चीतून उठायचं नाही. पण लाइन गेली की तेही काचेआडून हात हलवायचे, जा. खुर्च्या करकरायच्या, हॉल रिकामा व्हायचा. सगळे चहाला जायचे. विश्वजित तेवढा बसून राहायचा.

तसलं टोपण आपोआप फिरत नाही. कुणाचा तरी हात लागावा लागतो. सुनयनानं त्याला कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ते बोलणं झालं असतं, आणि बोलण्याला उत्तर लागतं. हे बोलण्याच्या अलीकडचं होतं. दाराची कडी कुणीतरी हळूच वाजवावी आणि आपण आतून नुसतं ऐकत राहावं, तसं. अकरा वाजत आले की ती बेसिनपाशी जाऊन तोंडावर पाणी मारून यायची. अबोलीचा गजरा सकाळी घरून माळून न निघता रुमालात गुंडाळून आणायची, म्हणजे तोवर ताजा राहावा.

मार्चच्या अखेरीला कमळाकर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"सुनयना, रोज लाइन जाते. रोज! मला वरून विचारतात. नेमकं होतंय काय?"

ती टेबलाच्या कडेवर अंगठ्याचं नख ओढत राहिली.

"कुणी मुद्दाम करतंय का?"

"नाही सर," ती पटकन म्हणाली. "तार जुनी झालीय. जोड ढिले पडतात. कुणाचा दोष नाही त्यात."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग बदलूनच टाकू. तो हब का काय म्हणतात, तो आलाय ना आता सगळीकडे."

केबिनमधून बाहेर पडताना तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. त्याचं नाव आलं नव्हतं. आपण काय करून बसलो हे तिला पाण्याच्या पिंपापाशी पोहोचल्यावर कळलं. पेला भरून वाहत होता आणि तिनं तोटी बंद केली नव्हती.

घणसोली गावातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत त्या संध्याकाळी वेणूबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. हात चालला की आईचा गळाही चालायचा. गाव सुटलं, जातं सुटलं, तरी ओवी सुटली नव्हती.

*एका गं दोऱ्यामंदी ववलं मनी नऊ*
*कुनाची गाठ ढिली, कुनाला दोष देऊ*

सुनयना चप्पल काढून आत आली तशी ओवी थांबली.

"कराडास्नं परत निरोप आलाय," वेणूबाई सुपातून मान न काढता म्हणाली. "पोरगं साखर कारखान्याच्या हापिसात हाय. मानसं चांगली हायती. येत्या नाहीतर पुढच्या रविवारी येतू म्हनत्यात."

"येत्या रविवारी ऑफिस आहे. नवीन वायरी टाकायच्यात."

"रविवारी? तुज्या हापिसाला देवानं वार दिलं न्हाईत का? मग पुढच्या रविवारी."

"थांब की जरा, आई."

"किती थांबू? संक्रांतीपास्नं थांबच म्हनतीयास. त्यांनी दुसरी पोरगी बगितली म्हंजी मग?" वेणूबाईनं सूप खाली ठेवलं. "कोन हाय का तुज्या मनात? आसंल तर सांग. तुज्या बाला मी बगते. पर कायतरी सांग, गं पोरी."

आतल्या बाजूला तिचा बाप सयाजी पाठीला तेल लावून पालथा पडला होता. दिवसभर पोती उचललेली ती पाठ. त्याची घोरण्याची लय चुकली, म्हणजे तोही ऐकत होता.

"पुढच्या आठवड्यात सांगते," सुनयना म्हणाली. "नक्की. शनिवारच्या आत."

आईनं तिच्याकडं रोखून पाहिलं, आणि सूप पुन्हा उचललं.

रविवारी हॉलमध्ये तिघंच होते. सुनयना, कमळाकर सर, आणि तारांचं कंत्राट घेतलेला ऋषी. चुणचुणीत, बोलका. त्यानं सर्व्हरच्या खोलीत भिंतीला एक चपटी पेटी ठोकली, आणि त्या पेटीतून प्रत्येक टेबलाला एक-एक स्वतंत्र करडी वायर सोडली. शेवटाला पारदर्शक प्लास्टिकची चिमटी, टेलिफोनसारखी, टक्कन बसणारी.

"बघा मॅडम," तो सुनयनाला म्हणाला, "आता ज्याची त्याची वायर. आणि ज्याचा त्याचा दिवा." पेटीवर हिरव्या दिव्यांची रांग होती, प्रत्येकाखाली टेबलाचा आकडा. "ज्याची वायर निघेल त्याचाच दिवा जाणार. तुम्हाला इथं बसल्या जागी कळणार, कोण गेलं. टेबलाखाली लोळायचं काम संपलं."

"आणि बाकीचे?" सुनयनानं विचारलं.

"बाकीच्यांना पत्तासुद्धा लागणार नाही. एक गेला म्हणून बाकीचे का थांबतील? आणि ही तर सुरुवात आहे. वर्ष-दोन वर्षांत याच वायरीवर दहापट वेग येईल. मग हा हबसुद्धा भंगारात."

कमळाकर सर खूश झाले. सुनयना जुनी तार गोळा करायला हॉलमध्ये गेली. टेबलामागून टेबल सोडवत, कोपर ते अंगठा असे वेढे घेत ती येत होती, तेवढ्यात विश्वजित आला. त्याचं काही काम तुंबलं होतं. तो चौथ्या टेबलापाशी उभा राहिला आणि नव्या वायरकडं वाकून पाहू लागला.

"झालं म्हणजे," तो हसत म्हणाला. "आता तुझं इकडं येणं बंद."

तिच्या हातातला वेढा सैल झाला. "आता कळेल मला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तुझा दिवा गेला की तिथं बसल्या जागी कळेल. फक्त तुझाच."

"वा," तो म्हणाला. "भारी आहे."

एवढंच. पण तेवढ्यावर ती घरापर्यंत गेली. बसमधून उतरून गावात शिरताना तिला वाटलं, आजवर त्यानं हाक मारली ती सगळ्या हॉलला थांबवून. आता त्यानं हाक मारली तर ती दोघांतच राहील. त्या काळ्या तारेपेक्षा ही करडी वायरच बरी. उद्या दिवा जाऊ दे. मग आईला सांगता येईल.

सोमवारी तिनं गजरा घरूनच माळला.

हॉलमध्ये कळफलकांचा पावसासारखा एकसुरी आवाज होता. सर्व्हरच्या खोलीत ती हबपुढं स्टूल घेऊन बसली. हिरवे दिवे लुकलुकत होते. कुणी काही उघडलं, कुणी काही साठवलं की त्याचा दिवा फडफडायचा. चौथा दिवा शांत होता, मग फडफडला, पुन्हा शांत झाला. त्याची बोटं कळांवर आहेत हे तिला भिंतीपलीकडून दिसत होतं. अकरा झाले. दिवा तेवत होता. अकरा वाजून गेले. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, गुंडाळलं.

आणि चौथा दिवा गेला.

बाकी सारी रांग तशीच. मधलं एकच बोट मिटावं तसं.

ती उठली, स्टूल कलंडलं. तिनं टॉर्च घेतला नाही. ती तशीच हॉलमध्ये आली.

हॉल भरलेला होता. तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. इतके महिने ती लाइन गेल्यावर इथं यायची ती रिकाम्या खुर्च्यांमधून. आज कुणीच उठलं नव्हतं. कुणाचं काही थांबलंच नव्हतं. क्षिप्रानं टाइप करता करता एक भुवई उचलली, इतकंच.

विश्वजित माउस आपटत होता.

"बघ ना यार!" तो म्हणाला. "सगळ्यांचं चालू, माझंच बंद. आयला, काल म्हटलं सुटलो एकदाचा. रोज मेली ती लाइन जायची, आणि सगळे चहा ढोसायला गेले की मी आपला इथं गारठत बसायचो, पुस्तक काढून. डोक्याला ताप नुसता. आता नवीनसुद्धा तसलंच?"

त्याच्या कपाळावर खरीखुरी आठी होती. सुनयना ती बघत राहिली. पंचांग उलटं धरलं होतं हे उशिरा कळावं, तसं काहीतरी तिच्या आत सरकलं, पण अजून पडलं नव्हतं.

"तू हात लावलास का वायरला?" तिनं विचारलं.

"मी? मी कशाला लावू?"

"आधी? त्या जुन्या टोपणाला? कधी?"

"वेडी आहेस का तू? मला काय माहीत ते कसं फिरवतात. तेवढं बघ ना पटकन, माझी सगळी एंट्री राहिलीय."

ती खाली वाकली. सवयीनं. दोन डब्यांच्या मधल्या फटीत करड्या वायरची चिमटी निघून लोंबत होती. आणि त्या चिमटीपाशी एक हात होता. हिरव्या काचेच्या बांगड्या, अनामिकेवर पिठाचा वाळका ठिपका. पाचव्या टेबलावरून खाली आलेला. हात झटकन वर गेला.

सुनयना टेबलाला धरून उभी राहिली.

पाचव्या टेबलावर जयमाला बसत असे. तीही दिवाळीनंतरच लागली होती. मान खाली घालून वेगानं टाइप करणारी, मोजकं बोलणारी. त्या वेळेला ती समोर आलीच नव्हती कधी. लाइन जायची आणि सगळ्यांबरोबर तिचीही खुर्ची रिकामी व्हायची. आज ती बसून होती. पडद्याकडं बघत होती, पण टाइप करत नव्हती. पदर तिनं दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता, आणि त्या घट्ट पदरावरही, छातीपाशी, एक ओला डाग हळूहळू पसरत चालला होता.

सुनयना तिच्या खुर्चीशेजारी वाकली, वायर तपासल्यासारखी.

"मला वाटलं, काढलं की सगळं थांबेल," जयमाला ओठ न हलवता पुटपुटली. "नेहमीसारखं."

"नेहमी तूच?"

जयमालानं मान हलवली. "माझ्या डब्याला हात लावायची भीती वाटायची. म्हणून त्यांच्या." मग घाईघाईनं, "मागच्या गल्लीत सुंदराबाईंकडे ठेवलीय गं तिला. बाटली तोंडात धरतच नाही. घेताना साहेबांनी विचारलं होतं, लहान मूल नाही ना. मी नाही म्हणाले. नोकरी हवी होती. सांगू नकोस. तुझ्या पाया पडते."

"किती महिन्यांची?"

"सात संपतील."

मागून विश्वजित म्हणाला, "काय झालं? तिचंही गेलं का?"

"नाही," सुनयना म्हणाली.

तिनं चिमटी उचलली आणि विश्वजितच्या डब्यात बसवली. टक्कन आवाज झाला. त्याचा पडदा जागा झाला. "थँक्स यार," तो म्हणाला आणि पुस्तकात बुडायचा तसाच पडद्यात बुडाला. त्याच्यापाशी लपवण्यासारखं काही नव्हतं. कधीच नव्हतं. तेच तिला सोसेना.

ती चालत सर्व्हरच्या खोलीत आली. चौथा दिवा लागलेला होता. पाचवा स्थिर होता, कुणी काही टाइप करत नसल्यासारखा. तिनं कलंडलेलं स्टूल सरळ केलं. त्यावर बसली. केसांतला गजरा काढला आणि काय करावं हे न सुचून हातात धरून बसली. गेले कित्येक महिने कुणीतरी कडी वाजवत होतं, हे खोटं नव्हतं. भुकेलं कुणीतरी वाजवत होतं. फक्त ती हाक तिच्यासाठी नव्हती. आणि ती मात्र रोज तोंड धुऊन, केस सारखे करून ओ द्यायला जात होती.

काचेच्या केबिनमध्ये कमळाकर सर फोनवर बोलत होते. हॉलमध्ये सगळे टाइप करत होते. जयमाला बसून होती.

सुनयनानं भिंतीकडे हात नेला आणि हबचा प्लग उपटला.

सगळे दिवे एकदम गेले. पाऊस थांबावा तसा कळफलकांचा आवाज थांबला.

"गेऽली!" क्षिप्रा ओरडली. "नवीन नवरीसुद्धा पळाली रे!"

खुर्च्या करकरल्या. हसणं, आळोखेपिळोखे, गॅलरीच्या दाराचा धक्का. सर्व्हरच्या खोलीच्या खिडकीतून मागची गल्ली दिसायची. थोड्याच वेळात जयमाला तिथून पळताना दिसली. एप्रिलचं ऊन, तापलेला डांबराचा रस्ता, आणि ती अनवाणी. चप्पल पायात सरकवायलाही थांबली नव्हती. बैठ्या घरांच्या रांगेतलं एक दार ती पोहोचायच्या आधीच उघडलं, आतून म्हातारे हात पुढं आले, हातांत एक रडणारं गाठोडं. दार लागलं.

सुनयनानं मेजावरचा फोन ओढला. घणसोलीतल्या घरमालकिणीचा नंबर फिरवला.

"कोन?"

"काकी, मी सुनयना. आईला एक निरोप द्याल का? म्हणावं, कराडच्या माणसांना येत्या रविवारी येऊ देत."

"आगो, ह्यो त चांगला निरोप हाय! आत्ता जाऊन सांगतंय." मग काकीनं विचारलं, "आवाज कसा गो झालाय तुजा?"

"एसी आहे ना इथं, काकी. सर्दी झालीय."

तिनं फोन ठेवला. दारात कमळाकर सर येऊन उभे राहिले. मागं विश्वजित, मनगटावरचं घड्याळ बघत.

"आता काय सुनयना? सगळं नवीन टाकलं ना काल?"

"पेटीतच काहीतरी आहे, सर. बघतेय."

"किती वेळ?"

तिनं खिडकीतून पाहिलं. गल्लीतलं ते दार अजून बंद होतं.

"वेळ लागेल, सर," ती म्हणाली.

ते दोघं गेले. मांडीवर ठेवलेल्या प्लगवर तिनं ओढणी ओढून घेतली, वर हात ठेवला, आणि ती दाराकडे पाठ करून बसून राहिली.